जलतरण तलावाची सरकती काठी : निवड, वापर आणि दक्षता

(जलतरण तलावांची देखभाल करणारे कर्मचारी आणि साहित्याची खरेदी पाहणारे अधिकारी यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

आंब्याच्या हंगामात गोव्यातील व कोकणातील बागायतदार झेल्यासाठी बांबू निवडतो, तेव्हा तो प्रथम बांबूकडे पाहत नाही, झाडाकडे पाहतो. फांदी किती उंच आहे, उभे राहण्यास जागा कोठे आहे, फळ झेलल्यावर टोकाला किती भार येईल, हे मनाशी ठरवून मग तो बांबूला हात लावतो. बांबू फार लांब झाला तर टोक थरथरते आणि फळ निसटते. आखूड झाला तर माणूस फांदीवर चढतो आणि जीव धोक्यात घालतो. जलतरण तलाव स्वच्छ करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सरकत्या काठीची निवड याच न्यायाने व्हावयास हवी. प्रत्यक्षात मात्र ही काठी अनेक ठिकाणी दरपत्रक पाहून घेतली जाते, तलाव पाहून नव्हे. पंप, गाळणयंत्र, क्लोरीन यांच्या खरेदीचा जेवढा विचार होतो, त्याचा दहावा हिस्साही काठीच्या वाट्याला येत नाही. वस्तू स्वस्त असल्यामुळे ती क्षुल्लक मानली जाते. तथापि ती ज्याच्या हातात रोज दोन-तीन तास असते, त्याच्या दृष्टीने ती क्षुल्लक नसते. आणि प्रसंगी ती त्याच्या प्राणावर बेतू शकते.

गोव्यासारख्या पर्यटनप्रधान राज्यात जलतरण तलाव ही केवळ मोठ्या हॉटेलांची मिरास राहिलेली नाही. क्रीडा खात्याचे तलाव, शाळा, वसाहती आणि खाजगी घरे यांतूनही तलाव दिसू लागले आहेत. २०२३ साली गोव्यात ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या, तेव्हा पणजीतील कांपालच्या तलावावर देशभरातील जलतरणपटू उतरले होते. अशा स्पर्धा पाहताना प्रेक्षकांची दृष्टी खेळाडूंवर खिळलेली असते. पाण्याखालची प्रत्येक फरशी स्पष्ट दिसावी म्हणून पहाटेपासून राबणारा हात सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आजचे विवेचन त्या हातासाठी आणि त्या हातातील साधनासाठी आहे.

काठीवाचून स्वच्छता का होत नाही

पाण्यात क्लोरीन सोडले आणि गाळणयंत्र चालू ठेवले की तलाव आपोआप स्वच्छ राहतो, असा एक समज आहे. तो अपुरा आहे. गाळणयंत्र त्याच्यापर्यंत पोहोचलेल्या पाण्यातील मळ काढते. तळाशी बसलेला गाळ, कोपऱ्यात साचलेली माती आणि भिंतीला चिकटलेले शेवाळ त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. शिडीच्या मागे, पायऱ्यांच्या कडेला आणि तलावाच्या कोपऱ्यांत पाण्याचा प्रवाह मंद असतो. तेथे जंतूंचा व शेवाळाचा बुळबुळीत थर धरतो. या थराच्या आत क्लोरीनचा शिरकाव सहज होत नाही. ब्रशने थर मोडावा, मग औषधाने त्याचे काम करावे, असा हा क्रम आहे. शिवाय पाण्यात पडलेली पाने कुजू लागली म्हणजे जंतूंसाठी घातलेले क्लोरीन त्या कचऱ्यावरच खर्ची पडते. म्हणजे पान वेळीच उचलले नाही, तर त्याची किंमत औषधाच्या खर्चात मोजावी लागते.

गोव्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. जांभ्या दगडाची तांबडी माती पाण्याबरोबर तलावात उतरते. किनारपट्टीवर सुरूच्या झाडांची बारीक सुयांसारखी पाने पडतात आणि विरळ विणीच्या जाळीतून ती खुशाल निसटतात. एप्रिल-मे महिन्यांत ऊन प्रखर असते आणि सूर्यप्रकाशाने पाण्यातील मोकळे क्लोरीन झपाट्याने घटते. थोडक्यात, वर्षाचा कोणताही ऋतू तलावाला विश्रांती देत नाही.

पाण्याच्या निर्मळपणाचा संबंध केवळ शोभेशी नाही. गढूळ पाण्यात तळाशी गेलेला मनुष्य काठावरून दिसत नाही. तळातील निचऱ्याची जाळी काठावर उभे राहून स्पष्ट दिसली पाहिजे, हा नियम जगभर मानला जातो, तो याच कारणासाठी. जीवरक्षक कितीही दक्ष असला तरी जे दिसत नाही ते त्याला वाचविता येत नाही. म्हणून तळ दिसता ठेवणारा सफाई कर्मचारी हा जीवरक्षकाचा पहिला सहकारी होय.

प्रथम तलाव मोजावा

सरकती काठी म्हणजे एकात एक बसणाऱ्या दोन किंवा तीन नळ्या. आतील नळी बाहेर ओढून लांबी वाढवावी, हव्या त्या ठिकाणी कुलूप लावावे आणि टोकाला जाळी, ब्रश किंवा तळाचा गाळ ओढणारे व्हॅक्यूम हेड बसवावे, अशी ही रचना. बाजारात ती बहुधा फुटांच्या मापाने मिळते : आठ फुटांची सोळा फूट होणारी, सहा फुटांची अठरा फूट होणारी, इत्यादी. यांतील कोणती घ्यावी, याचे उत्तर दुकानात नसते. ते तलावाच्या काठावर असते.

उदाहरणार्थ, बारा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद असा एक तलाव घेऊ. त्याची खोल बाजू काठापासून तळापर्यंत दोन मीटर आहे. कर्मचारी दोन्ही काठांवरून काम करू शकतो. म्हणून त्याला एका बाजूने निम्म्या रुंदीपर्यंत, म्हणजे तीन मीटरपर्यंत पोहोचावयाचे आहे. तीन मीटर आडवे आणि दोन मीटर खाली, असा हा काटकोन त्रिकोण झाला. तीनचा वर्ग नऊ, दोनचा वर्ग चार, मिळून तेरा. तेराचे वर्गमूळ सुमारे ३.६. म्हणजे काठापासून तळाच्या मध्यापर्यंतचे तिरपे अंतर ३.६ मीटर. दोन हातांत काठी नीट धरण्यासाठी आणखी सव्वा मीटर तरी हवी. एकूण लांबी ४.८५ मीटर, म्हणजे जवळजवळ सोळा फूट.

तर मग सोळा फुटांची काठी घ्यावी काय? येथेच चूक होते. सोळा फुटांची काठी सोळा फुटांपर्यंत ताणली म्हणजे तिच्या नळ्या एकमेकींत अगदी थोड्या उरतात. सांध्यापाशी आधार कमी होतो, काठी डुगडुगते आणि सारा ताण कुलपावर येतो. नळीचा किमान एक फूट भाग दुसरीत राहिला पाहिजे. म्हणून लागणाऱ्या लांबीपेक्षा एक माप मोठी, म्हणजे या तलावासाठी अठरा फुटांची काठी घ्यावी आणि ती सोळा फुटांवर वापरावी.

याउलट, मोठी काठी सर्वत्र चालते म्हणून लहान तलावासाठी चोवीस फुटांची घेणे हेही शहाणपणाचे नाही. काठीच्या टोकावर ठरावीक भार असताना तिला येणारा वाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. लांबी दुप्पट झाली की वाक आठपट होतो. चार मीटरची काठी पाच मीटर केली तर लांबी पावपटच वाढते, पण वाक जवळजवळ दुप्पट होतो. वाकलेली काठी ब्रश भिंतीवर दाबत नाही. ती स्वतःच धनुष्यासारखी वळते. व्हॅक्यूम हेड तळावरून उचलले जाते आणि गाळ ओढला जाण्याऐवजी ढवळला जातो. मग पाणी निवळेपर्यंत तास-दोन तास थांबावे लागते.

वाक कमी करण्याचा मार्ग नळीच्या जाडीत आहे. नळीची भिंत तेवढीच ठेवून तिचा बाहेरचा व्यास ३२ मिलिमीटरऐवजी ३८ मिलिमीटर घेतला, तर ताठरपणा दीडपटीहून अधिक वाढतो. मात्र टोकाची साधने ज्या नळीत बसतात तिचे माप बहुतेक ठिकाणी सव्वा इंच, म्हणजे सुमारे ३२ मिलिमीटर असते. म्हणून आतील नळी त्या मापाची आणि बाहेरची, हातात धरावयाची नळी त्याहून जाड, अशी काठी चांगली. तीन नळ्यांपेक्षा दोन नळ्यांची काठी अधिक ताठ असते, कारण तिला एकच सांधा असतो. तीन नळ्यांची काठी आखूड होते आणि ठेवण्या-नेण्यास सोयीची पडते. ज्या तलावापाशी ठेवण्यास पुरेशी जागा आहे, तेथे दोन नळ्यांची काठी पसंत करावी.

स्पर्धेच्या तलावाचा प्रश्न वेगळा आहे. पन्नास मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद आणि दोन मीटर खोल अशा तलावात पंचवीस लाख लिटर पाणी असते. त्याच्या मध्यापर्यंत, म्हणजे साडेबारा मीटरपर्यंत, कोणतीही हातातील काठी पोहोचू शकत नाही. तेथे तळासाठी स्वयंचलित यंत्र किंवा दोरीने ओढावयाचे साधन लागते. काठी तेथेही हवीच, पण ती भिंती, कोपरे, पायऱ्या आणि काठालगतच्या पट्ट्यासाठी. एवढ्या कामास पाच मीटरची ताठ काठी पुरते. यंत्राच्या उणिवेची भरपाई म्हणून सात-आठ मीटरची लवचिक काठी घेणे म्हणजे कर्मचाऱ्याच्या खांद्यांना शिक्षा करणे होय.

कोणत्या पदार्थाची काठी घ्यावी

काठ्या मुख्यतः तीन पदार्थांच्या मिळतात : अ‍ॅल्युमिनियम, फायबरग्लास आणि कार्बन फायबर.

अ‍ॅल्युमिनियमची काठी हलकी असते, स्वस्त असते आणि सर्वत्र मिळते. तिच्यावर विद्युत-रासायनिक प्रक्रियेने संरक्षक थर चढविलेला असावा. तो नसेल तर हात काळे होतात आणि धातू लवकर खराब होतो. किनाऱ्याची खारी हवा, तलावातील क्लोरीन आणि काही तलावांत मिठापासून क्लोरीन तयार करण्यासाठी घातलेले मीठ यांमुळे अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी येते व खड्डे पडतात. एकदा नळीला पोचा पडला की आतील नळी सरकत नाही आणि काठी निकामी होते.

फायबरग्लास गंजत नाही, पोचा धरत नाही आणि कोरड्या, स्वच्छ स्थितीत विजेचा वाहक नसतो. तो अ‍ॅल्युमिनियमहून जड व महाग असतो. त्याचा खरा शत्रू ऊन. वर्षानुवर्षे उन्हात पडलेल्या काठीचा वरचा लेप झिजतो आणि काचेचे बारीक तंतू उघडे पडून हातात शिरतात. अशी काठी हातमोज्यांशिवाय वापरू नये आणि तंतू दिसू लागताच ती बदलावी.

कार्बन फायबर सर्वांत ताठ आणि हलका. ज्यांना दिवसभर एकामागून एक तलाव साफ करावे लागतात, त्यांना तो मानवतो. परंतु किंमत मोठी आहे, आणि एक गोष्ट विसरली जाते : कार्बन फायबर विजेचा वाहक आहे. तो धातू नाही म्हणून सुरक्षित आहे, हा भ्रम बाळगू नये.

कुलूप आणि टोक

काठी निकामी होते ती बहुधा नळी मोडून नव्हे, कुलूप सुटून. कुलपाचे प्रकार ध्यानात घेण्यासारखे आहेत. पहिला प्रकार पिळाचा : नळी फिरविली की आतील प्लास्टिकचा कॅम कलून नळीच्या भिंतीवर घट्ट बसतो. हा बाहेरून सुटसुटीत दिसतो. पण आत वाळू शिरली की कॅम झिजतो, आणि ओल्या हातांनी पिळताना कधी घट्ट होत नाही, तर कधी सुटत नाही. दुसरा प्रकार बाहेरच्या खटक्याचा : खटका दाबला की कडे नळीला आवळते. तो डोळ्यांना दिसतो, म्हणून लागला की नाही हे कळते. तिसरा प्रकार स्प्रिंगच्या बटणाचा : बटण नळीच्या छिद्रातून बाहेर येते आणि काठी घसरत नाही, मात्र लांबी ठरावीक टप्प्यांतच बदलते, आणि बटण लोखंडी असेल तर खाऱ्या हवेत गंजते. नवख्या कर्मचाऱ्यासाठी आणि सार्वजनिक तलावासाठी बाहेरचा खटका किंवा गंजरोधक पोलादाचे बटण अधिक भरवशाचे. कोणतेही असो, त्याचा सुटा भाग वेगळा मिळतो काय, हे खरेदीपूर्वी विचारावे. पाच मीटरची चांगली नळी केवळ एका कॅमपायी भंगारात गेल्याचे दृश्य नवीन नाही.

टोकाला समोरासमोर दोन छिद्रे असतात. ब्रशच्या किंवा जाळीच्या दांड्यातील व्ही आकाराच्या क्लिपची बटणे त्यांत बसतात. तलावापाशी असलेली साधने काठी विकत घेताना बरोबर न्यावीत आणि बसवून पाहावीत. नळीच्या खालच्या टोकाजवळ पाणी निथळण्याची सोय आहे काय, हेही पाहावे. आतील व्यास तीन सेंटीमीटर धरला तर दर मीटरला सुमारे पाऊण लिटर पाणी नळीत मावते. तीन मीटर नळी भरली तर दोन किलोंहून अधिक वजन कर्मचारी प्रत्येक वेळी विनाकारण उचलतो.

ब्रशविषयी एवढेच सांगणे पुरे की, फरशी, रंग आणि प्लास्टिकचे अस्तर यांसाठी नायलॉनचा ब्रश वापरावा. पोलादी तारांचा ब्रश फक्त उघड्या सिमेंटवरील हट्टी शेवाळासाठी. वरच्या पाण्यावरील पानांसाठी उथळ जाळी आणि तळाच्या पानांसाठी पिशवीसारखी खोल जाळी, अशा दोन जाळ्या असाव्यात. सुरूची झाडे जवळ असल्यास वीण बारीक असावी.

तपशील आधी, दर नंतर

शासकीय व संस्थात्मक खरेदीत न्यूनतम दराचे तत्त्व असते आणि ते योग्यही आहे, कारण पैसा सार्वजनिक असतो. परंतु न्यूनतम दराचा अर्थ सर्वांत हलकी वस्तू असा नव्हे. मागणीपत्रात तपशील पुरेसा लिहिला असेल, तर त्या तपशिलात बसणाऱ्या वस्तूंपैकी सर्वांत कमी दराची वस्तू घेतली जाते. ‘तलाव स्वच्छतेची काठी, नग दोन’ एवढेच लिहिले, तर पुरवठादाराने पातळ नळीची काठी दिली म्हणून त्याला दोष देता येत नाही. दोष मागणीपत्राचा असतो. म्हणून मागणीपत्रात पुढील बाबी असाव्यात :

१. पूर्ण लांबी आणि मिटविलेली लांबी, मीटरमध्ये.
२. नळ्यांची संख्या, प्रत्येक नळीचा बाहेरचा व्यास आणि भिंतीची जाडी.
३. पदार्थ, अ‍ॅल्युमिनियम असल्यास संरक्षक थराचा उल्लेख.
४. कुलपाचा प्रकार आणि सुट्या भागांची उपलब्धता.
५. टोकाच्या छिद्रांचे माप, आणि सध्याची साधने त्यावर बसली पाहिजेत ही अट.

वस्तू आल्यावर तिची परीक्षा भांडारात करावी. काठी वापराच्या लांबीपर्यंत उघडून एका टोकाला आडवी धरावी आणि दुसरे टोक किती झुकते ते पाहावे. कुलूप लावून टोक जमिनीवर टेकवावे आणि बेताने दाब द्यावा. नळी आत सरकता कामा नये. मग हात आणि कुलूप ओले करून तेच पुन्हा करावे, कारण काठी कोरड्या हातांनी कधीच वापरली जात नाही. ही परीक्षा, शक्य असेल तेथे, जो कर्मचारी काठी वापरणार आहे त्याच्या हस्ते व्हावी. भांडारपालाच्या सहीइतकेच त्याच्या मनगटाचे मत मोलाचे आहे.

वर पाहण्याची सवय

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सफाई कर्मचारी काम करताना पाण्याकडे, म्हणजे खाली पाहत असतो. धोका वर असतो.

१९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत, रस्त्यावरून वा रस्त्याच्या कडेने न जाणाऱ्या ११,००० व्होल्टपर्यंतच्या उघड्या तारांसाठी जमिनीपासून किमान ४.६ मीटर उंची घालून दिलेली होती. त्या नियमांची जागा पुढे नव्या विनियमांनी घेतली. पण हा आकडा कर्मचाऱ्याने मनात ठेवण्याजोगा आहे. सोळा फुटांची काठी ४.८८ मीटर असते. म्हणजे ती जमिनीवर नुसती उभी केली तरी नियमानुसार ओढलेल्या तारेपर्यंत पोहोचू शकते. खांद्यावर उचलून उभी धरली तर किती, याचा हिशेब निराळा सांगण्याची गरज नाही. आणि धरणारा मनुष्य उभा असतो ओल्या फरशीवर, पुष्कळदा अनवाणी.

अशा अपघाताचे स्वरूप ठरलेले असते. काम संपलेले असते. काठी मिटविण्याचा कंटाळा येतो. ती पूर्ण लांबीची काठी उभी धरून कर्मचारी पंपघराकडे वळतो, आणि पंपघरापाशीच वीज येत असते. नारळ किंवा आंबे काढताना धातूच्या आकडीने घडणाऱ्या दुर्घटना गोव्यातील व कोकणातील लोकांना अपरिचित नाहीत. तलावावरील काठी ही त्याच आकडीची बहीण आहे.

म्हणून काही नियम कटाक्षाने पाळावेत. तलावाच्या परिसरातून किंवा जवळून उघड्या तारा जात असतील, तर धातूची वा कार्बन फायबरची काठी तेथे आणूच नये, फायबरग्लासची घ्यावी. तीही ओली आणि मळकट असताना निर्धोक मानू नये. वीजरोधक काठी हे तारेला स्पर्श करण्याचे अनुमतिपत्र नव्हे. काठी पाण्यातून काढताच मिटवावी आणि चालताना आडवी धरावी. तारा हलविणे किंवा झाकणे शक्य असल्यास वीज खात्याकडे लेखी मागणी करावी. पाण्याखालच्या दिव्याची काच फुटलेली असेल, पंपाला हात लावल्यास झिणझिण्या येत असतील, तर मुख्य कळ बंद करून वायरमनला बोलवावे. तोपर्यंत काठी पाण्यात घालू नये. मेघगर्जना ऐकू येताच काम थांबवून छपराखाली यावे. वळवाच्या दिवसांत हा नियम विशेष लक्षात ठेवावा.

स्वच्छतेची काठी आणि प्राणरक्षणाची काठी

आणखी एक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. कोणी बुडू लागल्यास हाताशी असलेली स्वच्छतेची काठी पुढे करावी, असे पुष्कळांना वाटते. दुसरे काही नसेल तर तीही करावी, यात शंका नाही. पाण्यात उडी घेण्यापेक्षा काठावरून काही तरी पुढे करणे अप्रशिक्षित माणसासाठी केव्हाही अधिक सुरक्षित. पण सरकत्या काठीवर त्या क्षणी विसंबता येत नाही. घाबरलेला मनुष्य सर्व बळानिशी ओढतो. कुलूप झिजलेले असेल तर आतील नळी बाहेर येते. एक भाग त्याच्या हातात, दुसरा वाचविणाऱ्याच्या हातात, आणि मध्ये पाणी.

याच कारणास्तव अमेरिकेत २०१४ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या जलक्रीडास्थळांच्या आदर्श आरोग्य संहितेत प्राणरक्षणाची काठी न सरकणारी असावी, असे स्पष्ट म्हटले आहे. तिची लांबी सुमारे ३.७ ते ४.९ मीटर आणि टोकाला मेंढपाळाच्या काठीसारखा मोठा, घट्ट बसविलेला आकडा, असे तिचे स्वरूप. शुद्ध हरपलेल्या माणसालाही त्या आकड्यात घेऊन काठाशी आणता येते. प्रत्येक तलावावर अशी एक अखंड काठी ठळक जागी टांगलेली असावी, तिला ब्रश किंवा जाळी कधीही लावू नये आणि ती कुलूपबंद खोलीत ठेवू नये. दोन काठ्यांचा खर्च जास्त वाटत असेल, तर त्यांची कामे किती भिन्न आहेत, एवढेच आठवावे.

सफाई कर्मचारी स्वतःही या धोक्याच्या बाहेर नाही. पहाटे, अंधुक प्रकाशात, निसरड्या काठावर, एका टोकाला ओढ असलेली लांब काठी घेऊन तो एकटा वावरत असतो. काठी एकाएकी सुटली वा आत सरकली की तोल जातो. म्हणून त्याला पोहता येणे आवश्यक मानावे, त्याने रबरी तळाची पादत्राणे वापरावीत आणि कामाच्या वेळी आवाजाच्या टप्प्यात दुसरा मनुष्य असावा. ब्रश मारताना काठी ढकलण्यापेक्षा पाऊल मागे-पुढे टाकून शरीराचा भार उपयोगात आणावा. त्यामुळे कंबर व खांदे वाचतात आणि तोलही राहतो.

निगा

काठीची निगा अल्प श्रमाची आहे. वापरानंतर गोड्या पाण्याने बाहेरून व आतून धुवावी. आठवड्यातून एकदा नळ्या वेगळ्या करून वाळू काढावी आणि वाळवाव्यात. पिळाच्या कुलपाला तेल किंवा ग्रीस लावू नये. त्याचे काम घर्षणावर चालते आणि तेल ते घर्षणच नष्ट करते. काठी सावलीत, भिंतीवरील दोन-तीन खुंट्यांवर आडवी ठेवावी. क्लोरीनच्या पिंपांच्या खोलीत ती कधीही ठेवू नये, कारण तेथील वाफा धातूला आणि स्प्रिंगला खातात. महिन्यातून एकदा कुलपाची परीक्षा घेऊन तिची नोंद देखभालीच्या वहीत करावी. घसरणारे कुलूप सुतळीने किंवा चिकटपट्टीने बांधून काम रेटण्याची प्रथा बंद व्हावी. ज्या दिवशी कुलूप घसरले त्या दिवशी काठी वापरातून काढावी.

बंधुभगिनींनो, तलावात उतरणाऱ्या मुलाला या काठीचे नावही ठाऊक नसते. त्याला दिसतो तो निळा, निर्मळ तळ, आणि त्या तळावर विश्वासून तो उडी घेतो. त्या विश्वासाच्या मागे एका कर्मचाऱ्याचे रोजचे श्रम आहेत. त्याच्या हातात योग्य मापाची, घट्ट कुलपाची, त्याच्या प्राणाला धोका न देणारी काठी देणे, हे खरेदी करणाऱ्यांचे आणि देखभाल पाहणाऱ्यांचे कर्तव्य आहे. झेल्यासाठी बांबू तोडण्यापूर्वी बागायतदार झाडाकडे पाहतो. त्याचप्रमाणे मागणीपत्रावर सही करण्यापूर्वी संबंधितांनी एकदा तलावाच्या काठावर उभे राहावे, मोजपट्टीने खोली आणि रुंदी घ्यावी, आणि मग मान वर करून आकाशाकडेही पाहावे. तेथे तारा आहेत की नाहीत, हे दरपत्रकात कधीच लिहिलेले नसते.